किनारा कोणाचा?

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात सानगडी हे गाव आहे. टेकडीवर जुना किल्ला आणि जवळच तलावाचे पाणी. या गावातल्या विद्यार्थ्याला जर विचारले, की 'तलाव कुठे संपतो?' तर तो काय उत्तर देईल? आश्विन महिन्यात विचारले तर तो एका जागी बोट दाखवील. वैशाखात विचारले तर त्याला बरेच खाली उतरून जावे लागेल. पावसाळ्यात जिथे गुडघाभर पाणी होते, तिथे उन्हाळ्यात गुरे चरतात, मुले खेळतात, कुणी ओलीवर गाळपेरीचे पीक घेतो. मग ती मधली पट्टी तलाव म्हणायची की जमीन? आणि ती कोणाची?

प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नावरून समुद्रकाठच्या गावांत वर्षानुवर्षे वाद झाले, ग्रामसभा गाजल्या आणि खटले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सानगडीहून समुद्र फार दूर आहे. बंगालचा उपसागर सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर, तर अरबी समुद्र त्याहूनही लांब, ७०० किलोमीटरांच्या पुढे. तरीही या परिसरात पडणारे पावसाचे पाणी चुलबंद नदीतून वैनगंगेत, तिथून प्राणहितेत आणि गोदावरीतून अखेर समुद्रालाच मिळते. तेव्हा समुद्रकिनाऱ्याचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. तो समजून घेण्यासाठी आधी थोडे विज्ञान पाहू, मग कायदा पाहू आणि शेवटी पुन्हा आपल्या तलावाच्या पाळीवर येऊ.

पाण्याची रेघ कुठे ओढायची?

तलावाची कड वर्षातून एकदा पुढे येते आणि एकदा मागे जाते. समुद्राची कड हेच काम दिवसातून दोनदा करते. याला आपण भरती-ओहोटी म्हणतो. चंद्राच्या आकर्षणामुळे पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूचे पाणी थोडे फुगते. विरुद्ध बाजूला चंद्राचे आकर्षण सर्वांत कमी असते, त्यामुळे तिथलेही पाणी मागे राहून फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना किनाऱ्यावरचे गाव या दोन्ही फुगवट्यांखालून जाते. म्हणून दिवसाला साधारण दोन भरत्या येतात. चंद्रही दरम्यान पुढे सरकत असल्याने दोन भरत्यांमध्ये १२ तासांऐवजी सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. अर्थात भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

आपल्या कोळी बांधवांना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. मुंबईच्या बाजूला ढोबळमानाने तितक्या वाजता पूर्ण भरती येते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. घड्याळ आणि पंचांग एवढी दोनच साधने!

अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. सूर्याचे आकर्षण चंद्राच्या मदतीला येते आणि पाणी अधिक चढते. ही उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा पाणी कमी चढते. ही भांगाची भरती. म्हणजे समुद्राच्या पाण्याची रेघही एक नाही. ओहोटीची एक, भांगाच्या भरतीची दुसरी आणि उधाणाच्या भरतीची तिसरी. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते, त्या रेघेला कायद्यात 'भरतीरेषा' म्हणतात. किनाऱ्यावरचे सारे नियम या रेघेपासून मोजले जातात. म्हणून ही रेघ १० मीटर इकडे की तिकडे, यावरून एखादी इमारत उभी राहते किंवा राहत नाही.

आता एक छोटे गणित करू. समजा, किनाऱ्याचा उतार ५० ला १ आहे, म्हणजे ५० मीटर चालले की जमीन १ मीटर चढते. गोव्यात उधाणाच्या वेळी ओहोटी आणि भरती यांच्या पातळ्यांत सुमारे २ मीटरांचा फरक पडतो. तेव्हा पाणी आडवे किती सरकेल? २ × ५० = १०० मीटर! सकाळी ज्या वाळूवर १०० मीटर लांबीची शर्यत धावता येते, तीच वाळू सहा तासांनी पाण्याखाली असते. ज्याला ही गोष्ट माहीत नाही, असा नवखा माणूस ओहोटीच्या वेळी किनारा पाहतो आणि म्हणतो, 'केवढी ही मोकळी जागा पडून आहे!'

वाळूची पेढी

ती जागा पडून नसते. ती काम करीत असते. किनाऱ्यावरची वाळू ही एक पेढीच आहे असे समजा. पावसाळ्यात लाटा उंच आणि जोरकस असतात. त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे बांध घालतात. या बांधांवर पुढच्या लाटा फुटतात आणि त्यांचा जोर किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच कमी होतो. पावसाळा सरला, की संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून जुलैत अरुंद दिसणारा किनारा जानेवारीत रुंद झालेला असतो. पावसाळ्यात रक्कम काढायची आणि हिवाळ्यात भरायची, असा हा व्यवहार.

या पेढीची राखीव ठेव म्हणजे किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या. वारा कोरडी वाळू उडवून आणतो, वनस्पती ती अडवतात आणि टेकडी वाढते. या कामात पुढे असते ती जांभळ्या फुलांची, जमिनीवर सरपटणारी एक वेल. तिला आपल्या भाषेत 'मर्यादवेल' असे सुंदर नाव आहे. समुद्राची मर्यादा कुठे संपते, ते ही वेल दाखवते. भरतीरेषा ठरवण्यासाठी आज उपग्रहांची छायाचित्रे आणि मोजणीची यंत्रे वापरतात. पण किनाऱ्यावरच्या माणसाने ती रेघ एका वेलीवरून फार पूर्वीच ओळखली होती.

आता या टेकडीच्या जागी कुणी भिंत बांधली तर? पुढील प्रयोग करून पाहा.

एका मोठ्या परातीत किंवा उथळ घमेल्यात एका बाजूला वाळू घालून तिला अगदी मंद उतार द्या. दुसऱ्या बाजूला पाणी घाला. लाकडी पट्टी पाण्यात पुढे-मागे हलवून लहान लाटा करा. लाट वाळूवर चढते, पसरते आणि दमून परत येते. आता वाळूच्या उतारावर, पाण्याच्या कडेला, एक वीट उभी रोवा आणि पुन्हा तशाच लाटा करा. लाट विटेवर आपटून माघारी उसळते आणि विटेच्या पायाशी खळगा पडू लागतो. थोड्या वेळाने विटेपुढची वाळू ओसरलेली दिसेल.

समुद्रावरही हेच घडते. भिंतीमागची इमारत काही काळ वाचते, पण भिंतीपुढचा किनारा जातो. शिवाय समुद्राची पातळी चढते आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. आपल्या ५० ला १ उतारावर नुसत्या भूमितीने पाहिले तरी २० सेंटिमीटर म्हणजे १० मीटर जमीन. मोकळा किनारा असेल तर वाळू आणि वेल दहा मीटर मागे सरकून पुन्हा बस्तान मांडतील. मागे भिंत असेल तर सरकायला जागाच नाही. पाणी आणि भिंत यांच्या मधोमध किनारा चिमटला जातो.

सर्वांनाच किनारा हवा

किनाऱ्यावरच्या गावात एखादे मोठे हॉटेल यायचे ठरले, की गावात दोन मते होतात. दोन्ही मते नीट ऐकून घेतली पाहिजेत.

एक बाजू म्हणते, 'गावात काम नाही. तरुण मुले मुंबईला जातात. हॉटेल आले तर इथेच नोकऱ्या मिळतील, रस्ता सुधारेल, माशांना आणि भाजीला घरबसल्या गिऱ्हाईक मिळेल.' हे म्हणणे खोटे नाही. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तो याच आशेने.

दुसरी बाजू म्हणते, 'किनारा ही आमची कामाची जागा आहे.' कोकणात आणि गोव्यात 'रापण' नावाची मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात. या कामाला वाळूचा लांब, सलग आणि मोकळा पट्टा लागतो. होड्या ओढून ठेवायला, जाळी वाळवायला आणि मासळी सुकवायलाही जागा लागते. शेतकऱ्याला खळे लागते, तसा कोळ्याला किनारा लागतो. ज्याची होडी नाही, अशा माणसालाही संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जायचे असते, आणि त्यासाठी त्याने कुणाला पैसे मोजावेत असे त्याला वाटत नाही.

खरा पेच मात्र आणखी बारीक आहे. सहसा कुणीही 'समुद्र माझा' असे म्हणत नाही. हॉटेलवाला म्हणतो, 'किनारा सर्वांचाच आहे, मी कुठे नाही म्हणतो? फक्त ही मधली जमीन माझी आहे.' पण मधल्या जमिनीतूनच किनाऱ्याची वाट जाते. वाट बंद झाली, की किनारा कागदावर सर्वांचा आणि प्रत्यक्षात एकाचा होतो. विहीर सार्वजनिक, पण तिच्याकडे जाणारी पायवाट खाजगी, अशातली ही गत! पाण्याचा हक्क आणि वाटेचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत आणि दुसऱ्यावाचून पहिला पांगळा आहे.

वायंगिणीची वाट

हा पेच ज्या खटल्यात पुढे आला, तो गोव्यातला. पणजीजवळ दोनापावला आहे. त्याच्या शेजारी ताळगाव गावाच्या हद्दीत वायंगिणी नावाचा एक लहानसा किनारा आहे. तिथल्या एका हॉटेलासाठी सरकारने १९८० च्या सुमारास भूसंपादन कायद्याखाली काही जमीन मिळवून दिली. १९८३ मध्ये सरकार आणि हॉटेल कंपनी यांच्यात करार झाला. किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट अडवू नये, अशी अट त्या करारातच होती. पुढे त्या जागेत बांधकाम झाले आणि आमची पूर्वापार वाट अडली, अशी तक्रार घेऊन तिथले नागरिक न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे होते की, बांधकामाला परवानगी आहे आणि तक्रारीत म्हटली आहे तशी वाट तिथे नव्हतीच.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००० साली नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० जानेवारी २००९ रोजी न्यायमूर्ती बी. एन. अग्रवाल आणि न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांनी कंपनीचे अपील फेटाळले. वाट अडवणारे बांधकाम काढून ती मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली आणि त्या आधारे ते बांधकाम पाडण्यापासून वाचले. या दुरुस्तीलाही न्यायालयात आव्हान दिले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. न्यायालयात तत्त्व जिंकले, तरी तेवढ्याने जागेवरची प्रत्येक वीट हलतेच असे नाही. इमारत उभी राहिल्यावर भांडण्यापेक्षा ती उभी राहण्याआधी गावाने नकाशा पाहणे आणि बोलणे अधिक स्वस्त पडते.

विश्वस्त म्हणजे काय?

न्यायालयाने ज्या तत्त्वाचा आधार घेतला, त्याला 'सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व' म्हणतात. ते फार जुने आहे. इसवी सन ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेवरून कायद्याचा एक पाठ्यग्रंथ तयार झाला. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याबरोबर समुद्राचे किनारे या गोष्टी सर्वांच्या सामाईक आहेत, असा विचार त्यात मांडला आहे. भारतात १९९६ साली हिमाचल प्रदेशातील मनालीजवळच्या बियास नदीसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. समजा, एखाद्या अज्ञान मुलाची शेती त्याच्या काकांनी सांभाळायची आहे. काका ती कसतील, राखतील. पण स्वतःची समजून विकू शकणार नाहीत. समुद्रकिनारा, नद्या, तलाव यांच्या बाबतीत सरकार हे असे काका आहे. मुले म्हणजे आपण सारे आणि अजून जन्माला न आलेलीही.

नियमांची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवावा असे कळवले. पत्र म्हणजे कायदा नव्हे. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. तिने ५०० मीटरांच्या पट्ट्यात निर्बंध घातले आणि ग्रामीण भागात भरतीरेषेलगतचे पहिले २०० मीटर सर्वसाधारणपणे नव्या बांधकामाला बंद केले. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटरांवर आणले. इतर ग्रामीण भागासाठी ते २०० मीटरच ठेवले. वाटले तर गावाला दिलासा म्हणा, वाटले तर किनाऱ्याचा संकोच म्हणा. दोन्ही बाजूंचे लोक आजही आपापले म्हणणे मांडत असतात.

हॉटेल नाही म्हणजे विकास नाही, असेही समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये तिथे कासव संरक्षणाचे काम सुरू केले. कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांनी त्यांची सोय आपल्याच घरांत केली. पाहुणे आले, पैसा आला आणि किनाऱ्याची वाटही मोकळी राहिली. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही; पण वाटा एकाहून अधिक असतात, हे यावरून दिसते.

पुन्हा तलावाच्या पाळीवर

आता सानगडीला परत येऊ. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून पाळ घातली, पाणी सोडायला तुडूम आणि जादा पाणी वाहून जायला सलंग केले आणि भाताच्या शेतीला पाणी दिले. मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराच्या ताब्यात असत. पण गुरांना पाणी पाजणे, धुणे, आंघोळ, गणपतीचे आणि भुजलीचे विसर्जन यांसाठी सारे गाव तिथे जाई. अशा वहिवाटीच्या हक्काला आपल्याकडे 'निस्तार' म्हणतात. ढिवर बांधव तर या पाण्यातल्या मासळीवरच संसार चालवीत आले आहेत.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मालक बदलला, निस्तार मात्र राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'निस्तारपत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' यांची तरतूद आहे. गावाच्या वाटा, पाणी आणि मासेमारी यांविषयीच्या रूढ वहिवाटींची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये होते. गोव्यातील नागरिकांना जी पूर्वापार वाट न्यायालयात सिद्ध करावी लागली, तशा वाटेची नोंद ठेवण्याची सोय आपल्याकडे कायद्यातच आहे, ही केवढी मोलाची गोष्ट!

तरीही धोका तोच आहे. उन्हाळ्यात तलावाची कड उघडी पडते आणि ओहोटीच्या किनाऱ्यासारखी 'रिकामी' दिसते. कुणी बांध थोडा पुढे सरकवतो, कुणी भराव टाकतो, कुणी तारेचे कुंपण घालतो. पावसाळ्यात तलाव आपली जागा मागतो, तेव्हा ती उरलेली नसते. २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना, गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे काढून त्या ग्रामसभेकडे परत देण्याची योजना करावी, असा आदेश दिला.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला यात करता येण्याजोगे एक काम आहे. शिक्षकांना बरोबर घ्या. आश्विनात तलाव भरलेला असताना पाण्याच्या कडेने दगडांच्या खुणा करा. वैशाखात पुन्हा जा आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजा. तलावाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेची नोंद करा. ती कोण वापरते, केव्हा आणि कशासाठी, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. मग ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात गावाचा नकाशा आणि वाजिब-उल-अर्ज पाहायला मागा आणि आपल्या नोंदीशी ताडून पाहा. एखादी वाट नकाशात आहे पण जागेवर नाही, किंवा जागेवर आहे पण कागदात नाही, असे आढळले तर ते ग्रामसभेत वडीलधाऱ्यांच्या कानांवर घाला.

तलाव कुठे संपतो, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा तुमच्याजवळ असेल. अंदाजाने नव्हे, मोजून.